सावद्याची इम्पाला : डिस्ट्रिब्युटरचा गिअर आणि पहिल्या स्टार्टआधीचे तेल

सावदा-फैजपूर भागातील एका केळी व्यापाऱ्याच्या घरी 1965 ची शेवरले इम्पाला आहे. गाडी वडिलांच्या काळातली आहे आणि आता तिचे काम मुख्यतः लग्नसराईत वरातीपुढे चालणे आणि वर्षातून दोन-तीन वेळा सातपुड्याच्या पायथ्याकडे पालपर्यंत जाऊन येणे एवढेच उरले आहे. मालकांना, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, त्या 327 घनइंची व्ही-8 इंजिनात नव्या काळातील ताकद हवी होती. त्यासाठी त्यांनी ते मोठ्या शहरातील एका वर्कशॉपमध्ये नव्याने बांधून घेतले होते. परदेशातून मागवलेली रोलर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारी शाफ्ट), रोलर टॅपेट (कॅमवर टेकणारे, टोकाला चाक असलेले भाग), मोठ्या क्षमतेचा ऑईल पंप आणि फेस मारलेली, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट केलेली हेडे असा सगळा थाट होता. सुमारे अकराशे किलोमीटर चालल्यावर ती गाडी जळगावला आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तक्रार एवढीच होती की गाडी ओढत नाही, तापते, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कितीही वेळा लावले तरी पंधरा दिवसांत मागे पडते.

टायमिंग वारंवार मागे पडते याचा अर्थ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचा करंट वाटणारा भाग) घट्ट बसलेला नाही असा बहुतेक जण लावतात. आमच्या हातातली पहिली वेळही त्याच तपासणीत गेली. क्लॅम्प घट्ट होता, आणि बॉडीवर मारलेली खूण जागेवर होती. तरीही टायमिंग लाईटखाली दहा अंशांवर लावलेली खूण दोन अंशांवर दिसत होती. कॅप काढून रोटर बोटांनी पुढेमागे हलवला, तेव्हा तो जितका हलायला हवा त्याच्या कितीतरी पट हलला. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे त्याच्या गिअरमध्ये एक अंशाची ढिलाई आली, तर क्रँकवर दोन अंश जातात. डिस्ट्रिब्युटर वर काढल्यावर गिअरचे तेराही दाते एका बाजूने झिजून सुरीच्या धारेसारखे झालेले दिसले. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या नटावरच्या चुंबकाला काळ्या मलमासारखा थर चिकटला होता. फिल्टरचा कागद कापून पसरला, तर प्रत्येक घडीत करड्या लोखंडी भुकटीची रेघ होती.

या क्षणी आबांना सांगावे लागले की गिअर बदलून भागणार नाही. जी भुकटी फिल्टरपर्यंत आली, तिचा काही भाग बेअरिंगपर्यंतही गेला असणार. इंजिन उघडल्यावर मुख्य बेअरिंगांवर बारीक रेघा आढळल्या. क्रँकचे जर्नल मात्र वाचले होते.

हा गिअर इतका महत्त्वाचा का, हे या इंजिनाची रचना लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. शेवरलेची ही व्ही-8 मालिका 1955 मध्ये 265 घनइंचांनी सुरू झाली आणि 1962 मध्ये 327 आले, तरी मूळ मांडणी तीच राहिली. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरील तिरप्या दातांचा गिअर डिस्ट्रिब्युटरच्या गिअरला फिरवतो, आणि डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे खालचे जिभेसारखे टोक एका मधल्या शाफ्टच्या खाचेत बसून चेंबरमधला ऑईल पंप फिरवते. करंट कधी पडायचा आणि तेल किती दाबाने चढायचे, या दोन्ही गोष्टी त्या तेरा दात्यांच्या जोडीवर टांगलेल्या आहेत. दोन्ही शाफ्ट एकमेकींशी काटकोनात असल्यामुळे हे दाते साध्या गिअरप्रमाणे रेषेवर टेकत नाहीत. ते जवळजवळ बिंदूवर टेकतात आणि लोळण्यापेक्षा घसरतात जास्त. खान्देशात जिनिंगच्या कारखान्यात रिडक्शन गिअरबॉक्स ज्याने उघडला आहे, त्याला यातले मर्म लगेच पटेल. तिथे वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, कठीण पोलादाचा असतो आणि चाक फॉस्फर ब्राँझचे असते, कारण घसरत्या जोडीत दोन्ही धातू कसेही निवडून चालत नाहीत.

मूळ इंजिनात कॅमशाफ्ट ओतीव लोखंडाची होती आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअरही ओतीव लोखंडाचा होता. ही जोडी साठ वर्षे निभावते. नव्या रोलर कॅमशाफ्टचा गाभा मात्र बहुधा बिलेट पोलादाचा, म्हणजे अखंड पोलादातून कातलेला असतो, कारण रोलरचा भार साध्या ओतीव लोखंडाच्या लोबला (कॅमवरच्या उंचवट्याला) पेलत नाही. पहिल्या वर्कशॉपने कॅम बदलला, डिस्ट्रिब्युटर मात्र जुन्या लोखंडी गिअरसकट परत बसवला. कठीण पोलादी दात्यांनी त्या मऊ गिअरला खाल्ले. आमच्या सुदैवाने कॅमचा गिअर फक्त चकाकला होता, झिजला नव्हता.

कॅम खरोखर पोलादी आहे हे आम्ही कागदावरून गृहीत धरले नाही. ओतीव कॅमच्या दोन लोबमधला भाग खडबडीत, ओतकामाचा राहतो. बिलेट कॅमचा तो भाग लेथवर कातलेला, गुळगुळीत असतो. आमच्या कॅमवर तो गुळगुळीत होता. तरीही एक शंका उरते. काही बिलेट कॅमशाफ्टच्या टोकाला लोखंडी गिअर वेगळा दाबून बसवलेला असतो, आणि तसे असेल तर डिस्ट्रिब्युटरचा लोखंडी गिअरच योग्य ठरतो. जोडाची रेघ कुठे दिसते का, हे भिंगाने पाहिले. तशी रेघ नव्हती. गिअर गाभ्यातूनच कापलेला होता.

मग प्रश्न उरला कोणता गिअर घ्यायचा. आबांचा कल ब्राँझकडे होता, आणि जळगाव सोन्याचे गाव असल्यामुळे इंजिनात तेवढे तरी पिवळे असू द्या, असे ते हसून म्हणाले. ब्राँझचा गिअर पोलादी कॅमला कधीच इजा करत नाही, कारण तो स्वतः झिजतो, आणि हाच त्याचा गुण तसाच दोषही आहे. शर्यतीच्या गाडीत दर काही फेऱ्यांनंतर डिस्ट्रिब्युटर वर काढून दाते पाहणारा माणूस असतो. इथे डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या अगदी मागे, फायरवॉलला खेटून आहे, आणि वरातीनंतर गाडी थेट गोदामात जाते. शिवाय ब्राँझची भुकटी चुंबकाला चिकटत नाही. ती तेलात सोन्याच्या कणांसारखी चमकते, आणि चमकलेली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारागिराने दोन दिवसांत गनमेटलचा गिअर कापून देण्याची तयारी दाखवली, पण वर्म चाकासाठी चालणारी मिश्रधातू इथल्या भारालाही चालेल याची खात्री त्यालाही देता येईना. त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले.

दुसरा पर्याय कार्बन तंतू मिसळलेल्या पॉलिमरच्या गिअरचा होता. तो कोणत्याही कॅमशी जुळवून घेतो, पण महाग असतो, आणि तुटला तर खान्देशात बसून दुसरा मिळवायला महिना जातो. तिसरा पर्याय मेलोनाईझ केलेला, म्हणजे क्षाराच्या तप्त द्रवात बुडवून नायट्रोजन आणि कार्बन पृष्ठभागात मुरवलेला गिअर. तो बाहेरून कठीण असतो आणि पोलादी कॅमला मानवतो. जनरल मोटर्सने 1987 पासून याच मालिकेत कारखान्यातून रोलर टॅपेट द्यायला सुरुवात केली. पोलादी कॅमसाठी तिच्या स्वतःच्या सुट्या भागांतही मेलोनाईझ गिअरच सुचवला जातो. आमच्या कॅमसोबत आलेल्या कार्डावर ब्राँझ किंवा मेलोनाईझ अशी दोनच नावे होती. गाडी वर्षभरात हजारभर किलोमीटर चालणार आणि मधल्या काळात कोणी तिच्याकडे पाहणार नाही, हे धरून मी मेलोनाईझ ठरवला.

इथे माझी एक चूक नोंदवतो. नवा डिस्ट्रिब्युटर मागवला होता, पण गिअरची मागणी मी जुन्या मूळ डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट मोजून केली. मूळ शाफ्ट 0.491 इंचाची असते आणि बाजारातल्या बहुतेक नव्या डिस्ट्रिब्युटरची 0.500 इंचाची. पाव मिलिमीटरहून कमी फरक, पण गिअर शाफ्टवर चढेना. भोक थोडे मोठे करून घ्या, असे सगळ्यांनी सुचवले. कठीण केलेला पृष्ठभाग कातला की प्रक्रियेचा अर्थच संपतो, आणि भोक केसभर जरी केंद्र सोडून गेले तरी गिअर प्रत्येक फेरीत एकदा दाबला जातो. मी नकार दिला आणि सहा आठवडे थांबलो. त्या सहा आठवड्यांत आबांचे दोन फोन रोज यायचे.

धातूची चूक एकटी असती तर गिअर इतक्या लवकर संपला नसता, असे माझे मत आहे. दोन गोष्टी तिच्या जोडीला होत्या. पहिली म्हणजे मोठ्या क्षमतेचा पंप. मुख्य बेअरिंगांच्या फटी आम्ही मोजल्या, त्या 0.05 ते 0.06 मिलिमीटर निघाल्या, आणि इतक्या फटींना मूळ क्षमतेचा पंप पुरतो. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना ठोकताळा त्यातून सहज साधतो. पौष महिन्यात पहाटे गाडी काढताना 20डब्ल्यू-50 तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते. तेव्हा तो मोठा पंप फिरवण्याचा सगळा जोर त्या दात्यांवर येतो. वैशाखात 43-44 अंशांच्या उन्हात वरातीपुढे दोन-दोन तास इंजिन आयडलवर चालते, तेव्हा तेल पातळ असते आणि गिअरवर उडणारे तेलही कमी असते. खान्देशातली ही दोन्ही टोके एकाच गिअरने सोसली. आम्ही मूळ क्षमतेचा पंप घातला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कोणी पाहतच नाही. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरची कॉलर ब्लॉकवर बसत नाही, ती इनटेक मॅनिफोल्डवर बसते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग आणि हेडे मिळून पाऊण मिलिमीटरच्या आसपास फेस मारलेला होता. व्ही आकाराच्या मांडणीमुळे मॅनिफोल्ड मूळ जागेपेक्षा मिलिमीटरहून थोडा अधिक खाली बसला, आणि त्यासोबत डिस्ट्रिब्युटरही खाली गेला. गिअरचा खालचा काठ ब्लॉकवर घासल्याची गोल खूण आम्हाला स्वच्छ दिसली, आणि मधली शाफ्ट पंपावर दाबून बसत होती. ज्या शाफ्टला वरखाली अर्धा मिलिमीटर तरी मोकळीक हवी, तिला काहीच मोकळीक नव्हती. नव्या गिअरच्या दात्यांना प्रशियन ब्ल्यू (दाते कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले. ठसा दात्याच्या एका टोकाला पडला. कॉलरखाली दीड मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ चकती घातली, तेव्हा तो मध्यावर आला.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. जुन्या सपाट टॅपेटचे लोब किंचित उतरते घासलेले असतात आणि ते कॅमला सतत मागे रेटून ठेवतात. रोलर लोबना तसा उतार नसतो. 1987 पूर्वीच्या ब्लॉकवर कॅम रोखणारी पट्टी नसते, म्हणून पुढे टायमिंग कव्हरला टेकणारे बटण घालावे लागते. बटण होते, पण कव्हर पातळ पत्र्याचे असल्याने ते दाबले जाऊन कॅम पुढेमागे सरकत होती. तिरप्या दात्यांवर कॅम अशी सरकली की डिस्ट्रिब्युटर आपोआप थोडा फिरतो, आणि टायमिंग नाचते. कव्हरला आतून आधार दिला, आणि कॅमची मोकळीक 0.15 मिलिमीटरवर आणून ठेवली.

गिअर शाफ्टवर बसवताना त्यावरचा ठिपका रोटरच्या टोकाच्या दिशेने ठेवावा लागतो. तेरा हा विषम आकडा असल्यामुळे गिअर अर्धा फेरा उलटा बसवला, तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या दात्याने चुकतो.

आता तेल. नव्याने बांधलेल्या इंजिनात पंप, नळ्या आणि गॅलरी (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा) सगळ्या रिकाम्या असतात, आणि स्टार्टरवर तेल चढेपर्यंत बेअरिंग फक्त जोडणीच्या वेळी लावलेल्या तेलावर चालतात. आबांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळका असला की आधी पाणी भरून हवा काढावी लागते, हे त्यांना चांगले माहीत आहे. म्हणून पहिल्या स्टार्टआधी पंप बाहेरून फिरवायचा, आणि त्यासाठी डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून ड्रिल मशीनने मधली शाफ्ट फिरवायची, असा शिरस्ता आहे.

पंप बसवण्यापूर्वीच त्यात हाताने तेल भरले होते, आणि पिकअपच्या जाळीपासून चेंबरच्या तळापर्यंत साडेनऊ मिलिमीटर अंतर मोजून ठेवले होते. ड्रिलसाठी आम्ही एका सळईचे टोक स्क्रू ड्रायव्हरसारखे चपटे केले आणि फिरवायला सुरुवात केली. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणून ड्रिलही सरळच फिरवायचे. फोर्डच्या 289 आणि 302 मध्ये नेमके उलटे असते, आणि तिथे सरळ फिरवणाऱ्याचा पंप तेल ओढतच नाही. काट्यावर वीस पीएसआयपर्यंत दाब आला. डाव्या बाजूच्या रॉकरवर, म्हणजे हेडावर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर, तेल आले. उजव्या बाजूला मात्र दहा मिनिटे झाली तरी रॉकर कोरडेच. पारोळ्याकडचा आमचा हेल्पर वाकून पाहत म्हणाला, "दादा, आठे (इथे) तेल येत नही शे."

उजवी गॅलरी कचऱ्याने बुजली असेल म्हणून मी मॅनिफोल्ड उतरवण्याच्या बेतात होतो. सुदैवाने त्याआधी चहा आला, आणि चहा पिताना बाकावर पडलेल्या जुन्या डिस्ट्रिब्युटरकडे लक्ष गेले. त्याच्या बॉडीच्या खालच्या भागात दोन जाड कडी आहेत आणि त्यांच्यामध्ये खोबण आहे. ती नक्षी नाही. इंजिनात ती खोबण तेलाच्या वाटेचाच भाग बनते. कडी भोकात घट्ट बसतात, आणि खोबणीतून तेल उजव्या टॅपेट गॅलरीकडे जाते. डिस्ट्रिब्युटर काढून नुसती सळई घातली की तीच वाट उघडी पडते. तेल तिथूनच चेंबरमध्ये परत सांडते, दाब अर्धा राहतो, आणि उजवी ओळ कोरडी राहते. फूट व्हॉल्व्ह गळका, असेच म्हणायला हवे.

ज्या डिस्ट्रिब्युटरने घोटाळा केला होता, तोच मग कामाला आला. त्याचा झिजलेला गिअर काढून टाकला, वरची वजने आणि स्प्रिंगा उतरवल्या, आणि शाफ्टचे वरचे टोक ड्रिलच्या चकमध्ये बसेल असे कातून घेतले. गिअर नसल्यामुळे तो कॅमला न अडकता फिरतो, आणि बॉडी असल्यामुळे खोबण बंद राहते. तेरा मिलिमीटर चकचे दणकट ड्रिल घेऊन सावकाश, चारशे-पाचशे आरपीएमच्या आसपास फिरवले. पंपाने तेल धरले की ड्रिलचा आवाज बदलतो आणि हाताला झटका बसतो. काटा पन्नास पीएसआयच्या जवळ गेला.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. प्रत्येक टॅपेट त्याच्या त्या वेळच्या जागेनुसारच तेल वर जाऊ देतो. म्हणून एकाने ड्रिल धरायचे आणि दुसऱ्याने क्रँक पाव-पाव फेरा फिरवायचा, असे दोन पूर्ण फेरे केले. पोकळ पुशरॉडमधून तेल एकेका रॉकरवर येत गेले, आणि ज्याच्यावर आले त्याला हेल्परने खडूने खूण केली. सोळावी खूण पडायला अठरा मिनिटे लागली. दाब दिसला म्हणजे तेल पोहोचले असे समजून पाच मिनिटांत थांबणारे आम्ही याआधी होतो, हे कबूल करतो.

नवा डिस्ट्रिब्युटर बसवताना त्याची जीभ मधल्या शाफ्टच्या खाचेत न बसल्यामुळे तो सहा मिलिमीटर वर राहिला. अशा वेळी क्लॅम्प आवळून तो खाली खेचण्याचा मोह होतो, आणि मग कॉलर तडकते. लांब स्क्रू ड्रायव्हरने खाच थोडी फिरवली, तेव्हा तो आपल्या वजनाने खाली बसला. दात्यांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावली, तेल 15डब्ल्यू-40 डिझेल इंजिनाचे घातले, आणि इंजिन लागलीच सुरू व्हावे म्हणून टायमिंग आधीच बसवून घेतले. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला पहिली वीस-तीस मिनिटे दोन हजार आरपीएमच्या वर ठेवावे लागते. रोलरला ती गरज नाही, पण गिअरला नीट तेल मिळावे म्हणून आम्ही पंधराशेच्या खाली येऊ दिले नाही.

अर्ध्या तासाने डिस्ट्रिब्युटर पुन्हा वर काढला. ठसा दात्यांच्या मध्यावर, आणि काठ शाबूत. पाचशे किलोमीटरला पुन्हा पाहिले. चुंबकावर पुसून जाईल एवढाच थर होता, आणि टायमिंगची खूण दहा अंशांवरून हलली नव्हती. पावसाळ्याचे चार महिने गाडी गोदामात असते, म्हणून दसऱ्याला काढताना कॉईलची तार काढून दाबाचा काटा उठेपर्यंत स्टार्टर मारायचा आणि मगच तार लावायची, असा कागद आम्ही बॉनेटच्या आतून चिकटवला आहे. वरातीत आयडल नऊशेवर ठेवायचे, हेही त्यावर लिहिले आहे. बँडवाल्यांना ते थोडे मोठे वाटते, पण आबांनी मान्य केले.

ड्रिलला लावायचा तो जुना डिस्ट्रिब्युटर आता आमच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, आणि गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका मिस्त्रींनी तो आठ दिवसांसाठी मागून नेला आहे.